गेमची तारीख पुढे गेली, म्हणजे नेमकं काय झालं?

२७ ऑक्टोबर २०२० रोजी ट्विटरवर एक पिवळी नोटीस आली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीची ‘सायबरपंक २०७७’ या गेमबद्दलची निवेदनं नेहमी अशीच यायची, पिवळ्याधमक रंगावर काळी अक्षरं. त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच गेम खेळणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. अंदाज खरा निघाला. गेम १९ नोव्हेंबरला येणार होता, तो आता १० डिसेंबरला येणार होता. त्या वर्षात तारीख ढकलायची ही तिसरी वेळ. आणि तीनच आठवड्यांपूर्वी कंपनीनं गेम ‘गोल्ड’ झाल्याचं जाहीर केलं होतं. गोल्ड म्हणजे डिस्क छापायला पाठवता येईल इतपत गेम पुरा झाला.

लोकांच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. काहींनी शिव्या घातल्या. कंपनीतल्या लोकांना जिवे मारण्याच्या धमक्यासुद्धा आल्या, आणि तिथल्या एका वरिष्ठ डिझायनरला जाहीरपणे लिहावं लागलं की राग समजू शकतो, पण धमक्या सहन करणार नाही, आम्हीही माणसंच आहोत. दुसरीकडे हजारो चाहत्यांनी अगदी मनापासून लिहिलं, की सावकाश करा, तुमची तब्येत महत्त्वाची, आम्ही थांबतो.

मीही त्या दुसऱ्या गटात होते आणि तसंच काहीतरी लिहून मोकळी झाले होते. आज वाटतं, माझी काळजी खरी होती, पण माझा समज चुकीचा होता. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरच्या अखेरीस, स्टुडिओनं कर्मचाऱ्यांना गेम बाहेर पडेपर्यंत आठवड्याचे सहा दिवस काम करायला सांगितलं होतं. ज्या कंपनीनं २०१९ मध्ये ‘आमच्याकडे जादा कामाची सक्ती नसेल’ असं जाहीर आश्वासन दिलं होतं, तीच ही कंपनी. अशा वेळी तारीख २१ दिवस पुढे जाते तेव्हा आत बसलेल्या माणसाला २१ दिवसांची उसंत मिळत नाही. त्याचे आणखी तीन शनिवार जातात.

आम्हाला चाहते म्हणून जे सुटकेसारखं दिसलं, ते आतल्या लोकांसाठी मुदतवाढ होतं, तीही त्यांच्या दमणुकीला. हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर गेम बनतो कसा इथपासून सुरुवात करावी लागेल.

या धंद्यात जादा कामाच्या त्या काळाला ‘क्रंच’ म्हणतात. गेम बाहेर पडण्याआधीचे काही आठवडे किंवा महिने आठवड्याला ६०, ७०, ८० तास काम. आपल्याकडे बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात कुणी असेल तर त्यांना मार्च एण्ड माहीत असतो. घरच्यांनाही माहीत असतो, कारण त्या दिवसांत माणूस जेवायला घरी नसतो. फरक असा की मार्च एण्ड ३१ तारखेला संपतो. क्रंचचं तसं नसतं. आधी एखाद्या मोठ्या प्रदर्शनात दाखवायच्या नमुन्यासाठी क्रंच, मग खऱ्या रिलीजसाठी, मग पहिल्या दिवशीच्या पॅचसाठी, म्हणजे राहिलेल्या चुकांच्या दुरुस्तीसाठी. जे गेम इंटरनेटवर कायम चालू असतात त्यांना तर दर काही दिवसांनी नवं काहीतरी द्यावं लागतं, म्हणजे तिथे रिलीज कधी संपतच नाही. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्समधल्या लोकांनी २०१९ मध्ये पत्रकारांना सांगितलं होतं की आठवड्याला ७० तास ही त्यांच्यासाठी नेहमीची गोष्ट झाली आहे.

मग नीट नियोजन का करत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. पेणच्या गणपती कारखान्यातही चतुर्थीच्या आधी रात्रंदिवस काम चालतं. पण तिथे मूर्ती कशी दिसणार हे साच्यातच ठरलेलं असतं, एका मूर्तीच्या रंगकामाला किती वेळ लागतो हे कारागिराला पाठ असतं. गेमचा साचा शेवटपर्यंत बदलत राहतो, कारण कागदावर लिहिलेला खेळ मजा देईल की नाही हे तो हातात घेऊन खेळल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याचदा दोन-तीन वर्षं काम झाल्यावर कळतं की हे काही जमत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी दोन वर्षं गेम टेस्टिंगचं काम केलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, बाहेरच्या देशांतल्या गेमचं काम घेणारी ती एक कंपनी होती. माझ्या वाट्याला भिंती आल्या होत्या. गेममधल्या किल्ल्याच्या तटाला पात्राचा खांदा टेकवायचा, बटण दाबून धरायचं आणि तटाला घासत घासत पुढे जायचं. प्रत्येक कोपऱ्यात थांबून उडी मारायची, वाकायचं, पुन्हा उडी मारायची. कुठे केसाएवढी फट राहिली असेल तर पात्र तिच्यातून निसटतं आणि त्या जगाच्या खाली, करड्या पोकळीत पडतच राहतं. असं झालं की व्हिडिओ जपून ठेवायचा, जागेचे आकडे टिपायचे, बग, म्हणजे गेममधली चूक, नोंदवायचा आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळायचं. मित्रमंडळींना वाटायचं, हिला गेम खेळायचे पैसे मिळतात.

रिलीजला सहा आठवडे उरले असताना तिकडच्या डिझायनरनं पात्राची उडी जराशी उंच केली. निर्णय उत्तम होता. खेळताना लगेच फरक जाणवला, पळण्यात जान आली. पण उडी उंच झाली म्हणजे आधी ज्या कठड्यावर चढता येत नव्हतं तिथे आता चढता येऊ लागलं. म्हणजे तपासलेल्या सगळ्या भिंती पुन्हा तपासायच्या, लेव्हल बनवणाऱ्यांनी कठडे उंच करायचे, चित्रकारांनी त्या दगडांवरची सावली पुन्हा बसवायची, शत्रू कुठे उभे राहणार हे पुन्हा ठरवायचं. एका आकड्याचा बदल आणि चार विभागांचं काम. तारीख मात्र तीच राहिली. त्या सहा आठवड्यांत मी रात्री साडेअकराच्या कॅबनं घरी यायचे आणि सकाळचा डबा संध्याकाळी उघडायचे.

माझं दुखणं त्या डिझायनरबद्दल नाही. शेवटच्या क्षणी सुचलेल्या बदलानंच पुष्कळदा गेम चांगला होतो. दुखणं हे आहे की असं काहीतरी सुचणारच, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि तरी वेळापत्रकात त्याला जागा ठेवलेली नसते. ती जागा माणसांच्या रात्रींतून काढली जाते.

तारीख कोण ठरवतं? बहुतेक वेळा गेम बनवणारे नाही, पैसे लावणारे. नाताळच्या खरेदीचा मोसम, आर्थिक वर्षाची तिमाही, जाहिरातींसाठी आधीच मोजलेले पैसे, कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीशी झालेला करार. यातली प्रत्येक गोष्ट गेमच्या बाहेरची आहे. याचं सगळ्यात जुनं आणि गाजलेलं उदाहरण १९८२ चं. अटारी कंपनीनं ‘ई. टी.’ या चित्रपटावर गेम काढायचे हक्क जुलैच्या अखेरीस घेतले आणि नाताळला तो दुकानात हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एका प्रोग्रॅमरला मिळाले साधारण पाच आठवडे. एरवी अशा गेमला सहा-सात महिने लागायचे. त्यानं घरीसुद्धा यंत्र बसवून घेतलं, म्हणजे जागं असताना कामापासून दूर राहायलाच नको. गेम वेळेवर आला आणि आपटला. न खपलेल्या कार्ट्रिजेस, म्हणजे गेम ज्यात भरलेला असायचा त्या डब्या, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये तिथे खणून त्या खरोखर बाहेर काढल्या गेल्या. वॉरशॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या तंत्रज्ञांवर उपचार करू लागला.

या विषयावर जगाचं लक्ष मात्र २००४ मध्ये गेलं, तेही एका बाईमुळे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमरच्या होणाऱ्या बायकोनं नाव न देता एक खुलं पत्र लिहिलं. ती एरिन हॉफमन, हे नंतर तिनंच उघड केलं. त्या पत्रात आरडाओरडा फार नाही, हिशोब आहे. आधी सांगितलं, आत्ता थोडं जादा काम करा म्हणजे शेवटी धावपळ होणार नाही. मग दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस. मग बारा तास, सहा दिवस. मग सकाळी ९ ते रात्री १०, सातही दिवस, आणि कधीमधी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुट्टी. ओव्हरटाइम नाही, बदली रजा नाही. त्यात मला सगळ्यात हादरवून गेलेली गोष्ट अशी की काम वेळापत्रकाप्रमाणेच चाललेलं होतं. काहीही अडलेलं नव्हतं. म्हणजे तो क्रंच अडचणीतून आलेला नव्हता, तो वेळापत्रकातच मांडलेला होता.

पुढे ईएवर खटले झाले. २००५ मध्ये चित्रकारांच्या खटल्यात कंपनीनं १ कोटी ५६ लाख डॉलर आणि २००६ मध्ये प्रोग्रॅमरांच्या खटल्यात १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली. खटल्यांचा मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथे आहे. कायद्यानं काही पगारदारांना ओव्हरटाइममधून वगळलेलं असतं. एकदा का माणूस त्या वर्गात बसवला की त्याचा नववा, दहावा, तेरावा तास कंपनीला फुकट पडतो. आणि फुकट मिळणारी गोष्ट जपून कोण वापरणार? आपल्या महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ नं सुरुवातीला दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढे दुप्पट दरानं पैसे द्यायला सांगितले. पण व्यवस्थापक दर्जाच्या लोकांना तो लागू नाही. आयटीत नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच नावापुढे ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ लागलेली माणसं पुण्यात घरटी सापडतील. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

इतकं असूनही लोक सोडून का जात नाहीत? जातात, पुष्कळ जातात. पण रांगेत नवे उभेच असतात. लहानपणापासून ज्या गोष्टीवर जीव लावला ती बनवायला मिळते आहे, या आनंदात वीस-बावीस वर्षांचा मुलगा कितीही तास देतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी उघड सक्ती अशी कुणी करत नाही. सगळी टीम बसलेली असताना सात वाजता बॅग उचलणं मात्र फार जड जातं. काही स्टुडिओंत शेवटपर्यंत टिकला नाहीत तर गेमच्या श्रेयनामावलीत नाव येत नाही. कधी बोनसची दोरी भलत्याच्याच हातात असते. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियनला समीक्षकांच्या सरासरी गुणांत ८५ मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले ८४. आणि गेम पुरा झाला की बऱ्याच ठिकाणी माणसं कमी करतात. ‘द वॉकिंग डेड’ गेमसाठी नावाजलेल्या टेलटेलनं सप्टेंबर २०१८ मध्ये एका दिवसात सुमारे २५० जणांना भरपाईशिवाय घरी पाठवलं. त्यांच्यातले कित्येक वर्षानुवर्षं एकामागून एक क्रंच करत आलेले होते.

आता बर्नआउटकडे येऊ, कारण हा शब्द आपण फार सैल वापरतो. शुक्रवारी कंटाळा आला आणि सोमवारी बरं वाटलं, याला बर्नआउट म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही की जे होतं ते बर्नआउट. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित घटना म्हणते. खुणा तीन : अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि काम हातून धड न होणं.

माझ्या शेजारच्या खुर्चीतला मुलगा आमच्यातला सगळ्यात चांगला टेस्टर होता. त्या सहा आठवड्यांतल्या पाचव्या आठवड्यात मी त्याच्या स्क्रीनकडे सहज पाहिलं. त्याचं पात्र तटातून निसटलं आणि करड्या पोकळीत पडू लागलं. तो पाहत राहिला. मग त्यानं पुन्हा सुरू केलं, त्याच कोपऱ्यात गेला, पुन्हा पडला. तीन वेळा. बग नोंदवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “नोंदवून काय होणार आहे? उद्या परत हेच करायचंय.” आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या तिन्ही खुणा एका वाक्यात होत्या, आणि मला त्या वेळी वाटलं होतं की हा आळशीपणा करतोय. गेम बाहेर पडल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि वर्षभर दुसरी धरली नाही. त्याला गेम खेळणंही नकोसं झालं होतं, हे त्याच्या आईकडून कळलं तेव्हा मला फार लागलं.

कॅनडाच्या बायोवेअर या स्टुडिओत अशा लोकांना ‘स्ट्रेस कॅज्युअल्टी’ म्हणत, लढाईत कामी आलेल्या सैनिकांसारखं. ताणानं माणूस मोडायचा, काही महिने दिसेनासा व्हायचा, कधी परत यायचा, कधी नाही. ‘अँथम’ या त्यांच्या गेमबद्दल २०१९ मध्ये हे सगळं बाहेर आलं. शेवटच्या काही महिन्यांत सगळं आपोआप जुळून येतं, अशी तिथे एक श्रद्धा होती आणि तिला ते ‘बायोवेअरची जादू’ म्हणायचे. पुढे तिथल्याच एका निर्मात्यानं उघड सांगितलं की ही जादू म्हणजे वाईट नियोजनाला दिलेलं गोंडस नाव.

शरीराचं काय होतं त्याचाही हिशोब झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो आणि हृदयविकारानं मृत्यूचा १७ टक्के. हा अभ्यास सगळ्याच कामांचा आहे, फक्त गेमचा नाही. पण क्रंचचे ८० तास यातून सुटतील असं मानायला काही कारण नाही.

बरं, इतकं करून गेम तरी चांगला होतो का? कधी होतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ जगभर वाखाणला गेला, म्हणून तर हा वाद मिटत नाही. ‘सायबरपंक’चं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १० डिसेंबरला आलेला गेम जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत केले. तो पुन्हा विक्रीला यायला जून २०२१ उजाडला. दमलेला माणूस चुका करतो, त्या चुका दुसरा दमलेला माणूस शोधतो, आणि त्याला त्या दिसत नाहीत. मी ते शेजारच्या खुर्चीवर पाहिलेलं आहे.

चाहत्यांच्या काळजीचा उपयोग होतो का? होतो, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या डॅन हाउसर यांनी मुलाखतीत अभिमानानं सांगितलं की आम्ही आठवड्याला १०० तास काम करत होतो. १०० तास म्हणजे सातही दिवस रोज १४ तासांहून जास्त. चाहते खवळले. हाउसर यांना खुलासा करावा लागला की हे फक्त चार लेखकांच्या तीन आठवड्यांबद्दल होतं, आणि कंपनीला आपल्या लोकांना सोशल मीडियावर कामाबद्दल बोलायची मुभा द्यावी लागली. ते बोलले. काहींनी चांगलं सांगितलं, काहींनी वाईट. पण तोवर बंद असलेलं दार उघडलं.

बहिष्कारानं मात्र उलटंच होऊ शकतं. विक्री पडली तर पहिल्यांदा बोनस जातो आणि मग नोकऱ्या जातात, त्याही भिंती तपासणाऱ्यांच्या. तारीख ठरवणाऱ्यांच्या खुर्च्या सहसा शाबूत राहतात. टिंगलही अशीच भलत्याच्या अंगावर पडते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची झलक आली आणि जगभरच्या लोकांनी तिच्या चित्रांची यथेच्छ थट्टा केली. रिलीजची तारीख आधी दोन महिने पुढे गेली, मग बेमुदत गेली, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. तिथे आतमध्ये कामाचे तास किती होते याबद्दल मी काही म्हणत नाही. पण ती थट्टा वाचणारी मुलं कोथरूडमध्ये, ठाण्यात राहत होती. पैसा किती लावायचा, कधीपर्यंत द्यायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

वेगळ्या वाटेनं चालणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिलं की कळतं की फरक चांगुलपणाचा कमी आणि आकड्यांचा जास्त आहे. ‘हेडीस’ हा गेम बनवणाऱ्या सुपरजायंटनं वर्षाला किमान २० दिवस रजा घेणं सक्तीचं केलं. रजा ‘मिळते’ असं नाही, घ्यावीच लागते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडच्या टीम चेरी या स्टुडिओनं ‘सिल्कसाँग’ हा गेम २०१९ मध्ये जाहीर केला आणि आणला ४ सप्टेंबर २०२५ ला. मूठभर माणसं, आधीच्या गेमच्या कमाईवर चाललेली, डोक्यावर गुंतवणूकदार नाही, आणि रिलीजची तारीख दोनच आठवडे आधी जाहीर केलेली. तारीख दिलीच नाही तर ती पाळण्यासाठी कुणाला जागावं लागत नाही. सगळ्यांना हे परवडणार नाही हे मला कळतं. पण मोठ्या कंपन्यांना गेम जरा लहान करणं परवडतं, आणि ते त्या क्वचित करतात.

म्हणून आता तारीख पुढे गेल्याची नोटीस आली की मी ‘सावकाश करा’ असं लिहीत नाही. मी विचारते : या काळात आठवडा पाच दिवसांचा की सहा? जादा तासांचे पैसे मिळणार का? गेममधून काही कमी केलं का? मध्येच सोडून गेलेल्यांची नावं येणार का? हजार लोकांनी हेच विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, हे २०१८ मध्ये दिसलं आहे.

रॉकस्टारचाच ‘जीटीए ६’, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतला नवा गेम, आधी २०२५ मध्ये येणार होता. मग तारीख २६ मे २०२६ झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकस्टारनं ती १९ नोव्हेंबर २०२६ केली. निवेदनात चाहत्यांना वाट पाहायला लावल्याबद्दल माफी होती आणि हे जादा महिने गेमवर शेवटचा हात फिरवायला हवेत असं म्हटलं होतं. या कंपनीचा एक स्टुडिओ बंगळुरूत आहे. त्या महिन्यांत तिथला किंवा त्यांच्या एडिनबराच्या स्टुडिओतला आठवडा किती दिवसांचा असेल, याबद्दल त्या निवेदनात एक ओळही नव्हती.